सायलेन्सर लावला तरी बार ऐकू येतो, तो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गिरगावातल्या एका जुन्या चाळीत घडणाऱ्या तुमच्या लघुपटात एक माणूस रात्री सायलेन्सर लावलेल्या पिस्तुलातून गोळी झाडतो आणि लाकडी पार्टिशनच्या पलीकडे झोपलेलं कुटुंब कूसही बदलत नाही. संहिता वाचून एका निवृत्त फौजीने तुम्हाला सांगितलं की असं होत नाही, सायलेन्सर लावला तरी चांगला आवाज येतो. मग सायलेन्सर करतो तरी काय, उरलेला आवाज येतो कुठून आणि साउंडट्रॅकवर काय लावायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

फौजी काकांचं बरोबर आहे. पण तुमचा प्रसंगही अगदीच वाया गेलेला नाही. गोळीचा आवाज ‘ऐकू येणं’ आणि तो गोळीचा आहे हे ‘ओळखू येणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सायलेन्सरचा परिणाम दुसरीवर जास्त होतो. चित्रपटांसाठी आवाज रचताना मला हा फरक सतत लक्षात ठेवावा लागतो, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

आधी शब्दाचं बघू. सायलेन्सर म्हटलं की आपल्याला मोटरसायकलचा आठवतो. बुलेटलाही सायलेन्सर असतोच, तरी ती गल्लीत शिरली की तिसऱ्या मजल्यावर कळतं आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही. सायलेन्सर काढून टाकलेली बुलेट ऐकली की तो किती काम करत होता ते समजतं. बंदुकीचा सायलेन्सर याच घराण्यातला. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकी अभियंत्याने त्याचं पेटंट १९०९ मध्ये घेतलं. मशिनगन बनवणारा हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हा त्याचा बाप. मुलाच्या कंपनीने पुढे इंजिनांचेही सायलेन्सर बनवले, कारण दोन्हीकडचं तत्त्व एकच: दाबाखालचा तापलेला वायू एकदम बाहेर सोडायचा नाही, आधी त्याला फिरवायचं, पसरू द्यायचं, थंड करायचं. ‘सायलेन्सर’ हे विक्रीसाठी दिलेलं नाव होतं. या क्षेत्रातले लोक आता ‘सप्रेसर’ म्हणतात आणि ते जास्त खरं आहे. आवाज दबतो, नाहीसा होत नाही.

आता एका बारात किती आवाज दडलेले असतात ते पाहू. कानाला एकच ‘ठो’ ऐकू येतो, पण त्यात निदान चार वेगळे आवाज असतात: नळीच्या तोंडातून सुटणाऱ्या वायूचा स्फोट, हवेतून जाणाऱ्या गोळीचा, शस्त्राच्या हलत्या भागांचा आणि गोळी जिथे लागते तिथला. सायलेन्सर काम करतो तो फक्त पहिल्यावर. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

पहिला आवाज सगळ्यात मोठा. ९ मिमी पिस्तुलाच्या काडतुसात साधारण पाव ते अर्धा ग्रॅम दारू असते. चाप ओढल्यावर ती जळून वायू होते आणि काडतुसाच्या खोबणीतला दाब वातावरणाच्या दोन हजार पटींवर जातो. गोळी नळीभर पुढे सरकेपर्यंत तो उतरतो, तरी नळीच्या तोंडाशी काही शे पट उरलेला असतो. घरातल्या कुकरशी तुलना करा. शिट्टी होते तेव्हा आत बाहेरपेक्षा जेमतेम एक वातावरण जास्त दाब असतो, आणि ती शिट्टी जिन्यापर्यंत ऐकू येते. इथे शेकडो पट दाबाचा वायू, तोही तापलेला, बाटलीचं बूच उडावं तसा गोळीमागून एका क्षणात मोकळा होतो. त्याची धडक म्हणजे आपण ऐकतो तो बार.

सायलेन्सर हे नळीच्या पुढे बसवलेलं एक पोकळ भांडं असतं. त्यात एकामागे एक पडदे असतात आणि गोळीला जाण्यापुरती मधोमध वाट. गोळी सरळ निघून जाते. मागचा वायू मात्र पडद्यांमधल्या कप्प्यांत अडकतो, घोळतो, धातूला उष्णता देतो आणि मग काही सहस्रांश सेकंदांत हळूहळू बाहेर पडतो. फुगा टाचणीने फोडला की धडाम, तोंड सैल सोडलं की फुस्स. हवा तेवढीच, बाहेर पडायचा वेळ वेगळा.

पण या भांड्याला पुढे भोक ठेवावंच लागतं, नाहीतर गोळी जाणार कुठून? त्या भोकातून थोडा वायू गोळीच्या आजूबाजूने पुढे निसटतो आणि उरलेला नंतर बाहेर येतो. भांडं मोठं असेल तर वायूला पसरायला जागा जास्त, पण हातात धरायच्या वस्तूचा आकार आणि वजन कितीही वाढवता येत नाही. आवाज शून्यावर न येण्याची ही साधी कारणं आहेत.

आता आकडे. हे वाचताना जरा सावध राहा, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. बाराचा आवाज ‘पीक’मध्ये मोजतात, म्हणजे लाटेचा सर्वांत उंच क्षण. अमेरिकी लष्करी मानकात माइक नळीच्या तोंडापासून एक मीटर बाजूला आणि जमिनीपासून १.६ मीटर उंचीवर ठेवतात. अशा मोजणीत साध्या ९ मिमी पिस्तुलाचा पीक सुमारे १६० डेसिबल येतो, ५.५६ मिमी रायफलचा १६५ च्या आसपास. चांगला सायलेन्सर यातून २५ ते ३५ डेसिबल कमी करतो. म्हणजे पिस्तूल १२५ ते १३५ वर आणि रायफल १३५ च्या जवळपास. १४० डेसिबल ही मर्यादा अनेक देशांच्या नियमांत दिसते. त्यावरच्या एका धडकेनेही कानाला कायमची इजा होऊ शकते, असं मानतात. सायलेन्सरचा खरा उपयोग हाच: १६० ची धडक १४० च्या खाली आणणं.

डेसिबल हे गुणाकाराचं माप आहे. २० डेसिबल कमी म्हणजे दाब दहावा हिस्सा, ३० डेसिबल कमी म्हणजे जवळजवळ बत्तिसावा. हा फरक प्रचंड आहे. पण सुरुवातच इतक्या वरून होते की बत्तिसावा हिस्सादेखील मोठाच राहतो.

एक ओळखीचं उदाहरण घ्या. आपल्याकडे फटाक्यांसाठी १९९९ पासून मर्यादा आहे: फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल, किंवा पीकमध्ये १४५. अंतर दुप्पट झालं की उघड्यावर पीक साधारण ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे एक मीटरवरचे १६० चार मीटरवर १४८ होतात. साधं पिस्तूल नियमात जेमतेम न बसणाऱ्या सुतळी बॉम्बइतकं मोठं, असं ढोबळमानाने म्हणता येईल. सायलेन्सर लावलेल्या पिस्तुलाचे १३० चार मीटरवर ११८ होतील. सुतळी बॉम्बपेक्षा खूपच कमी, पण लवंगी माळेतली एखादी लवंगी बंद खोलीत फुटली तर घर जागं होईल की नाही, ते तुम्हीच सांगा.

‘सायलेन्सरची बंदूक म्हणजे रस्ता फोडणारा ब्रेकर’ अशीही एक तुलना नेहमी वाचायला मिळते. ती चुकीची आहे. ब्रेकरचे ११० डेसिबल हा सतत चालणाऱ्या आवाजाचा सरासरी आकडा, तर बंदुकीचे १३० म्हणजे एक सहस्रांश सेकंदाचं टोक. कान आवाजाचा मोठेपणा शे-दोनशे सहस्रांश सेकंदांवर पसरून जोखतो. म्हणून टोक उंच असूनही एवढासा आवाज तितका मोठा भासत नाही, कानाला इजा मात्र करू शकतो. मोबाइलच्या ॲपवर हे मोजायला जाऊ नका. ‘फास्ट’वर ठेवलेला साधा मीटरही १२५ सहस्रांश सेकंदांवर सरासरी काढतो, त्यामुळे एका सहस्रांशाची धडक तो वीसेक डेसिबल कमी दाखवतो. शिवाय फोनचा माइक त्याच्या कितीतरी आधी गुदमरतो. ‘सायलेन्सर लावल्यावर फक्त ८० डेसिबल’ असे जे व्हिडिओ फिरतात, त्यांतले बरेचसे इथे फसलेले असतात.

दुसरा आवाज गोळीचा. ती ध्वनीपेक्षा वेगाने जात असेल तर नाव पाण्यात लाट ओढत जाते तशी हवेत एक शंकूसारखी दाबलाट ओढत नेते. अर्न्स्ट माख आणि पीटर साल्चर यांनी १८८७ मध्ये तिची छायाचित्रं प्रसिद्ध केली होती. ही लाट कानावरून गेली की चाबूक कडाडल्यासारखा ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो. तो नळीच्या तोंडाशी तयार होत नाही, गोळीच्या सगळ्या वाटेवर होत जातो. गोळी सायलेन्सरमधून बाहेर पडल्यानंतर सायलेन्सरचा तिच्याशी काही संबंध उरत नाही. ५.५६ ची गोळी सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास धावते, त्यामुळे रायफलला सायलेन्सर लावा वा न लावा, हा कडाका येणारच. मग फायदा काय? ऐकणाऱ्याला तो कडाका आपल्या जवळून, गोळीच्या वाटेवरून आल्यासारखा वाटतो, आणि खरी दिशा दाखवणारा मागचा ‘धप्’ दबलेला असतो. सैनिक या दोन आवाजांमधल्या अंतरावरून बंदूक किती लांब आहे याचा अंदाज बांधतात. ३०० मीटरवरून आलेली गोळी सरासरी ७५० मीटर वेगाने ०.४ सेकंदात पोचते, बाराला ०.८६ सेकंद लागतात, म्हणजे मध्ये जवळजवळ अर्ध्या सेकंदाची फट. ती फट ऐकूच आली नाही तर अंदाज चुकतो.

पिस्तुलाच्या गोळ्या या उंबरठ्यावर असतात, आणि इथे हवामानाचा संबंध येतो. शून्य अंशाला ध्वनीचा वेग सेकंदाला ३३१ मीटर, २० अंशांना ३४३, मुंबईच्या ३० अंशांच्या रात्री साधारण ३४९. ९ मिमीच्या काही गोळ्या ३४० च्या आसपास निघतात. तीच गोळी गिरगावात ध्वनीच्या मागे राहील आणि गुलमर्गच्या हिवाळ्यात ध्वनीच्या पुढे जाऊन कडाडेल. (थंडीत दारूही किंचित मंद जळते, म्हणून हा हिशेब काट्यावर धरू नका.) ९ मिमीची ११५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) हलकी गोळी मुंबईतही बहुधा ध्वनीच्या वर असते, १४७ ग्रेनची जड गोळी ३०० च्या घरात, .४५ ची तर २५५ च्या आसपास, म्हणजे कायम खालीच. वरळीच्या रेंजवर १० मीटरची एअर रायफल ऐकली असेल तर कडाका नसलेला बार कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तिथला छर्रा १७० च्या आसपास वेगाने जातो, ‘टप्’ होतं आणि लगेच लक्ष्यावर आपटल्याचा आवाज.

तिसरा आवाज यंत्राचा, आणि चित्रपटांत तो सगळ्यात जास्त विसरला जातो. बार होताच पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि नवं काडतूस घेऊन पुढे आपटते. साधारण ५० सहस्रांश सेकंदांत हे सगळं आटपतं. साध्या बारात ते बुडून जातं. सायलेन्सर लावला की वायूचा आवाज खाली येतो आणि ही लोखंडी खटखट वर दिसू लागते, ओहोटीला खडक दिसतात तशी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी बनवलेलं वेलरॉड पिस्तूल आणि डी लाइल कार्बाइन यांच्यात प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने ओढावा लागे, कारण आपोआप हलणारे भागच त्यांत नव्हते. शांततेची किंमत वेगात मोजली होती.

रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावलेला दाखवत असाल तर आत्ताच बदला. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रीत आणि नळीत एक फट असते, आणि प्रत्येक बाराला तिच्यातून बाजूला वायू सुटतो. नळीच्या टोकाला काहीही लावलं तरी ही गळती तशीच. आपल्याकडच्या .३२ रिव्हॉल्व्हरलाही हे लागू आहे. प्रसिद्ध अपवाद रशियाच्या १८९५ च्या नागांत रिव्हॉल्व्हरचा. त्यात चक्री पुढे सरकून नळीला चिकटते आणि काडतूसच फट बुजवतं. जाणकार प्रेक्षक ही चूक पहिल्या क्षणी पकडतात, मग पुढच्या कुठल्याच गोष्टीवर त्यांचा विश्वास बसत नाही.

आणखी एक बारकावा. पहिली गोळी पुढच्या गोळ्यांपेक्षा जरा मोठी वाजते. रिकाम्या सायलेन्सरमध्ये साधी हवा, म्हणजे प्राणवायू असतो, आणि पूर्ण न जळलेली दारू त्यात भडकते. दुसऱ्या बाराला आतला प्राणवायू संपलेला असतो. लागोपाठ तीन बार असतील तर तिन्हींना एकच आवाज चिकटवू नका. पहिला दोन-तीन डेसिबल वर ठेवा आणि त्याला किंचित जास्त ‘पोट’ द्या.

इथवरचा सार असा: वायूचा स्फोट बराच दबतो, गोळीचा कडाका असेल तर तसाच राहतो, यंत्राची खटखट उघडी पडते, आणि लागल्याचा आवाज जिथे लागेल तिथल्यासारखा. नेमकं किती ऐकू येईल हे शस्त्र, गोळीचा वेग, खोली, अंतर आणि आसपासचा गोंगाट यांवर ठरतं. एकच आकडा मागाल तर तो मी प्रामाणिकपणे देऊ शकणार नाही.

आता तुमची चाळ. दहा बाय बाराची खोली, लाकडी पार्टिशन, वर झरोक्याची जाळी. नऊ इंची विटेची भिंत आवाज ४५ ते ५० डेसिबल अडवते. फळ्यांचं पार्टिशन, त्यातल्या फटी आणि वरची उघडी जाळी मिळून वीस-पंचवीस डेसिबलपलीकडे काही अडत नाही. उघड्यावर आवाज अंतराबरोबर विरत जातो, खोलीत मात्र भिंती तो परत फेकतात. पलीकडच्या माणसापर्यंत शंभरेक डेसिबलचा पीक पोचेल. गाढ झोपेतलं मूल कदाचित उठणार नाही, पण अख्खं कुटुंब ढिम्म राहिलं तर प्रेक्षकाला खटकेल.

मात्र त्यांना ऐकू आलेला आवाज बंदुकीसारखा नसेल. साध्या बाराची ओळख त्याच्या शेपटीत असते: मैदानात, इमारतींमध्ये, डोंगरात तो गडगडत परत येतो आणि मेंदू म्हणतो ‘गोळी’. सायलेन्सरने ही शेपूट जवळजवळ कापली जाते. उरतो एक आखूड, बोथट दणका आणि लोखंडाची खटखट. पार्टिशनपलीकडच्या माणसाला वाटेल की माळ्यावरून काही पडलं, कुणी लोखंडी कपाट आपटलं, जिन्याचं दार लागलं. म्हणून माझा सल्ला: त्यांना झोपवून ठेवू नका. आजी डोळे उघडू दे, ‘काय पडलं गं?’ विचारू दे, सून अर्धवट झोपेत ‘मांजर असेल’ म्हणू दे. हे शास्त्राला धरून आहे आणि नुसत्या शांततेपेक्षा अंगावर जास्त येतं.

आता बांधणी. अशा बारासाठी मी पाच थर वेगवेगळे ठेवतो. एकच तयार ‘सायलेन्सर’ फाइल उचलून लावत नाही, कारण त्या बहुतेक चित्रपटांतल्या त्याच जुन्या ‘फ्यूट’ अशा फुसक्या आवाजाच्या नकला असतात.

पहिला थर दणक्याचा. जाड कापसाच्या गादीवर वेताने मारलेला फटका जवळून ध्वनिमुद्रित करा, सुरुवात कापून अगदी टोकदार ठेवा, ऊर्जा २०० ते ८०० हर्ट्झमध्ये, लांबी फार तर ४० सहस्रांश सेकंद. यात ६० हर्ट्झखालचं खूप भरलं तर तोफ वाटते. दुसरा थर वायूचा. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरच्या नळीतून सोडलेली हवेची छोटी फुंकर, ६० ते ८० सहस्रांश सेकंद, ३ किलोहर्ट्झच्या वरचा भाग. माइक झोतासमोर ठेवू नका, काटकोनात ठेवा, नाहीतर नुसती फडफड मिळेल. हा थर दणक्यापेक्षा आठ-दहा डेसिबल खाली हवा. तो वर गेला की तोच खोटा ‘फ्यूट’ तयार होतो, आणि नव्या माणसांचं सगळ्यात जास्त इथेच बिघडतं.

तिसरा थर स्लाइडचा: दोन स्पष्ट ठोके, मध्ये साधारण ३० सहस्रांश सेकंद, दुसरा जरा जड. दणकट स्टेपलर आणि दाराची लोखंडी कडी मिळून छान काम होतं. हा थर दणक्याच्या जवळपास बरोबरीने येऊ द्या. ‘सायलेन्सर आहे’ हे प्रेक्षकाला पटवणारा आवाज खरं तर हाच आहे. चौथा थर पुंगळीचा. खांद्याच्या उंचीवरून जमिनीवर पडायला अर्धा सेकंद, आणि ती किंचित वर उडून पडते म्हणून ०.६ ते ०.७ सेकंद धरा. शहाबादी फरशी असेल तर स्वच्छ किणकिण आणि दोन-तीन उड्या, लाकडी तक्तपोशी असेल तर दबकी टकटक. सेटवर फरशी कुठली आहे ते आधी पाहून घ्या. खरी पुंगळी शोधत फिरू नका. नागदेवी स्ट्रीटवर मिळणाऱ्या पितळी नळीचा दोन सेंटिमीटरचा तुकडा पुरतो.

पाचवा थर जागेचा. सामानाने, गाद्यांनी, कपड्यांनी भरलेल्या खोलीत घुमणं ०.३ ते ०.४ सेकंदांपलीकडे नको. दार उघडं असेल तर चौकापलीकडच्या गॅलऱ्यांवरून एक अगदी क्षीण परतीचा आवाज द्या. चौक १५ मीटर रुंद असेल तर जाऊन-येऊन ३० मीटर, म्हणजे ८५ सहस्रांश सेकंदांनी. एवढ्याशा गोष्टीने जागा खरी वाटू लागते. गोळी लागल्याचा आवाज वेगळा मागे ठेवू नका. चार मीटरवर ती १३ सहस्रांश सेकंदांत पोचते, म्हणजे तो दणक्यातच मिसळलेला असतो. ‘फ्यूट... थप्’ अशी जोडी बंद खोलीत शक्यच नाही.

कॅमेरा शेजारच्या खोलीत असेल तेव्हा याच थरांची दुसरी आवृत्ती करा. दीड किलोहर्ट्झच्या वरचं जवळजवळ सगळं काढा, वायूचा आणि पुंगळीचा थर बंद करा, स्लाइडचे ठोके बोथट करा आणि लाकडातून येणारा हलका कंप वाढवा. पार्टिशनला टांगलेलं भांडं किंचित किणकिणलं तर उत्तम.

मिक्समध्ये खरा आकडा गाठायचा प्रयत्न करू नका. मोठ्या चित्रपटगृहातही एका चॅनलचं टोक १०५ डेसिबलला संपतं. नेटफ्लिक्ससारख्या ठिकाणी डिजिटल मापावर (शून्य म्हणजे कमाल) संवाद सरासरी उणे २७ डेसिबलवर ठेवतात आणि टोकाला उणे २ ची मर्यादा असते. म्हणजे १३० सुद्धा कुणालाच ऐकवता येणार नाही, आणि ऐकवूही नये. मोठेपणा द्यायचा तो विरोधातून. बारापूर्वी अर्धा-पाऊण सेकंद पंख्याची घरघर आणि रस्त्याचा गोंगाट तीन-चार डेसिबल उतरवा. बारानंतर लगेच परत आणू नका. दणका लिमिटरमधून (आवाजाची टोकं दाबणाऱ्या साधनातून) चेपून सपाट झाला असेल तर तो कुठल्याही पातळीवर पुठ्ठ्यासारखाच वाजेल. अशा वेळी लिमिटर सैल करून इतर थर खाली घ्या.

चित्रीकरणाबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो. या प्रसंगासाठी सेटवर काहीही झाडू नका, कोरं काडतूसही नाही. गोळी नसली तरी त्याचा वायू जवळून जीव घेतो. १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम हा अमेरिकी अभिनेता सेटवर कोरं काडतूस भरलेलं रिव्हॉल्व्हर स्वतःच्या डोक्याला लावून चाप ओढल्याने दगावला. सायलेन्सरच्या बाबतीत कायदाही कडक आहे. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या ‘अग्निशस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच बाराचा आवाज किंवा झगमग कमी करणारी जोडवस्तू येते. म्हणजे नुसता सायलेन्सर बाळगणं हेही शस्त्र बाळगणंच. तुम्हाला हवी ती भरीव, भोक नसलेली लाकडी किंवा रबरी प्रतिकृती. चित्रीकरणाआधी स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवा आणि चाळीतल्या लोकांनाही सांगून ठेवा. नटाला हाताचा झटका नेमक्या फ्रेमवर द्यायला सांगा. बाकी सगळा बार आपण नंतर गादी, वेत आणि स्टेपलर घेऊन बांधू. पहिला कच्चा मिक्स झाला की तो हेडफोनवर नको, साध्या टीव्हीच्या स्पीकरवर, पंखा चालू ठेवून त्या फौजी काकांना ऐकवा आणि स्लाइडचे दोन ठोके त्यांना वेगळे ऐकू आले का, तेवढंच विचारा.